‘सेन्सर गेलाय’ हे निदान नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढात एका सकाळी साताऱ्याहून वाईला बहिणीकडे निघाले होते. पाचवडच्या अलीकडे गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी धक्के देत नव्हती, ॲव्हरेज घटलं नव्हतं, आवाजही नेहमीचाच होता. तो दिवा कायमचा विझला दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मधल्या तीन महिन्यांत मी वर्कशॉपला ५,४६० रुपये दिले आणि आणखी १६,४०० रुपयांचं एस्टिमेट हातात घेऊन परत आले. दोष निघाला तो ३५० रुपयांत. पैशांचं दुःख आहेच, पण मी लिहिते आहे ते त्यासाठी नाही. या तीन महिन्यांत वर्कशॉपमधल्या एकाही माणसाने माझ्या गाडीत काहीही मोजलं नाही, त्यासाठी लिहिते आहे. मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांकडून भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल्स करून घेतली. न मोजता निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलाचं जर्नल मी कधी सही करून दिलं नाही.

गाडी २०२१ ची, पेट्रोलची, बीएस-६ प्रदूषण-मानकाची. वॉरंटी संपलेली. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते एकाच ठिकाणी घडतं असं मला वाटत नाही. पहिल्या वेळी त्यांनी स्टिअरिंगखालच्या प्लगमध्ये स्कॅनर लावला, दोन मिनिटांत काढला आणि म्हणाले, “मॅडम, सेन्सरचा एरर होता, क्लिअर केलाय.” ५९० रुपये. चौथ्या दिवशी दिवा परत. दुसऱ्या वेळी म्हणाले, “सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.” बदलला. ४,८७० रुपये. पाचव्या दिवशी दिवा परत. तिसऱ्या वेळी म्हणाले, “आता कॅनिस्टरच बदलायला लागेल, सेन्सर त्याच्याशी रिलेटेड आहे.” तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, की सेन्सर कोणता, त्याचं नाव काय, स्कॅनरवर दोषाचा कोड काय आला होता, आणि माझा जुना पार्ट कुठे आहे? काउंटरवरचा मुलगा गोंधळला. त्याने आत जाऊन विचारून एका चिठ्ठीवर लिहून आणलं: पी ०४४४. जुना पार्ट सुदैवाने अजून कचऱ्यात गेला नव्हता, तो पिशवीत घालून दिला.

तो पार्ट सेन्सर नव्हताच. तो पर्ज व्हॉल्व्ह होता. हा फरक शब्दाचा कीस काढण्यासाठी सांगत नाही. सेन्सर काहीतरी जाणतो आणि कळवतो. व्हॉल्व्ह सांगितलेलं काम करतो. दोघांची तपासणी वेगळी, बिघाड वेगळे. डॉक्टरांनी कानाला आणि हाताला एकच नाव दिलं तर आपण त्यांच्याकडे पुन्हा जाऊ का?

या व्हॉल्व्हचं काम समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि ते इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेट्रोलची टाकी श्वास घेते. दिवसा तापली की आतली वाफ फुगते आणि बाहेर पडू पाहते, रात्री गार झाली की टाकी हवा आत ओढते. पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. आता टाकीला जोडलेला एक डबा असतो, त्यालाच कॅनिस्टर म्हणतात. त्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो, आपल्या घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो त्याच जातीचा. पेट्रोलची वाफ त्या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून बसते. पुढे इंजिन चालू होऊन गरम झालं, की गाडीचा कॉम्प्युटर पर्ज व्हॉल्व्हला विजेचे बारीक बारीक ठोके देतो, व्हॉल्व्ह उघडझाप करतो, आणि इंजिन आपल्या ओढीने ती वाफ खेचून जाळून टाकतं. कोळसा मोकळा होतो, दुसऱ्या दिवशीच्या वाफेसाठी तयार.

याची गरज का पडली, याचीही एक गोष्ट आहे. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिस शहरावर एक तपकिरी, डोळे चुरचुरवणारं धुकं दाटत असे. हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पेट्रोलमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि हे धुकं त्यातूनच येतं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सगळ्या अमेरिकेत नव्या गाड्यांना ही वाफ अडवायची सोय सक्तीची झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. बंद खोलीत उभ्या केलेल्या नव्या गाडीतून निसटलेली वाफ त्या चाचणीत २ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. दोन ग्रॅम! प्रयोगशाळेतल्या साध्या तराजूत जेमतेम कळेल एवढी.

आता माझ्या घरी काय होत होतं ते ऐका. व्हॉल्व्ह उघडतच नसल्यामुळे कोळसा मोकळा होत नव्हता. भरला की भरला. मग रोजची वाफ कॅनिस्टरच्या मोकळ्या तोंडातून बाहेर. आमची गाडी शटरच्या गॅरेजमध्ये असते आणि लगतच्या खोलीत माझी ब्याऐंशी वर्षांची आई झोपते. श्रावणात ती रोज सकाळी म्हणायला लागली, “अगं, रॉकेलसारखा वास येतोय.” मी वर्कशॉपला हे सांगितलं होतं. “नवीन पेट्रोलला येतो वास” असं उत्तर मिळालं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते, आणि आमचं तुळशीवृंदावन शटरपासून पाच पावलांवर आहे. आई तिथे तिन्हीसांजेला दिवा लावते. मला हे सुचलं त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी बाहेर उभी केली आणि शटर दिवसभर उघडं ठेवलं.

याच काळात, ऑगस्टमध्ये, माझी पीयूसी संपली. मी पिवळा दिवा जळत असतानाच केंद्रावर गेले. त्यांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली. कार्बन मोनॉक्साइड ०.०२ टक्के आला, मर्यादा ०.३ ची. गाडी उत्तम, प्रमाणपत्र वर्षभरासाठी. केंद्रावरच्या माणसाची यात काहीही चूक नाही, नियमाने सांगितलं तेवढं त्याने केलं. पण माझी गाडी प्रदूषण करत होती ती सायलेन्सरमधून नव्हे. ती बंद उभी असताना, मागच्या बाजूने, रात्रंदिवस. आणि गाडी स्वतः पिवळा दिवा लावून ते सांगत होती. त्या दिव्याकडे बघा, असं आपल्या तपासणीत कुठेच लिहिलेलं नाही.

माझी पुतणी न्यू जर्सीत असते. तिच्याही गाडीला असाच दिवा लागला होता. तिथल्या तपासणीत यंत्र स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या प्लगला जोडतात आणि दिवा जळत असेल तर गाडी नापास करतात. तिथल्या गाड्यांत टाकीतला दाब मोजणारा खराखुरा सेन्सर असतो. कॉम्प्युटर टाकी आतून बंद करून दाब टिकतो का ते अधूनमधून बघतो, आणि अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा त्याला कळावं अशी तिथे २००० नंतरच्या गाड्यांकडून अपेक्षा असते. तिच्या गाडीत पेट्रोलच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. नवं झाकण घातलं आणि काम झालं. पण तिच्या मेकॅनिकने आधी कोड लिहून दिला, मग झाकण दाखवलं, मग पैसे घेतले. फोनवर हे ऐकताना मला फार वाईट वाटलं, कारण एवढं करायला अमेरिका लागत नाही.

मग मी माझं प्रॅक्टिकल सुरू केलं. पी ०४४४ चा अर्थ ‘पर्ज व्हॉल्व्हचा परिपथ उघडा’, म्हणजे विजेची वाट कुठेतरी तुटलेली, एवढाच आहे. कोडने व्हॉल्व्ह खराब आहे असं म्हटलेलंच नाही. परिपथात व्हॉल्व्हची गुंडाळी येते, प्लग येतो, दोन वायरी येतात, आणि कॉम्प्युटरच्या आतला स्विच येतो. यांपैकी कुठेही तुटलं तरी हाच कोड. पिशवीतला जुना व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला, मल्टिमीटर लावला. रोध (रेझिस्टन्स) २४ ओहम. अशा व्हॉल्व्हचा साधारण २० ते ३० ओहमच्या दरम्यान असतो. तोंडाने फुंकर मारली (नळी आधी पुसून घेतली), हवा गेली नाही; वीज नसताना तो बंदच असायला हवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या १२ व्होल्टला क्षणभर जोडला, टक् आवाज आला आणि फुंकर आरपार गेली. व्हॉल्व्ह ठणठणीत होता. ४,८७० रुपये देऊन मी एक चांगला व्हॉल्व्ह काढून दुसरा चांगला व्हॉल्व्ह बसवून घेतला होता.

पुढचं काम गाडीत होतं आणि ते मला एकटीला जमणारं नव्हतं. एमआयडीसीच्या रस्त्याला एक ऑटो इलेक्ट्रिशियन टपरीत बसतो. वय असेल पस्तीस. त्याच्याकडे स्कॅनरही आहे, पण त्याने तो आधी काढलाच नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला, “काकू, पेट्रोल गळ्यापर्यंत भरता का?” मला प्रश्नच कळेना. त्याने समजावलं. पंपावर नोझल टक् करून आपोआप थांबतं, त्यानंतर राउंड फिगरसाठी आणखी शंभर-दोनशेचं भरतात, काही जण तर गाडी हलवून भरतात. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जातं आणि कोळसा भिजतो. कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, पेट्रोल धरण्यासाठी नाही. एकदा नीट भिजला की डबाच बदलावा लागतो. मी गेली कित्येक वर्षं दोन हजारांचा आकडा गाठायला हेच करत आले होते. आता टक् झालं की पावती मागते. पंपावरच्या मुलांना हे कोणी सांगितलेलं नसतं, ते आपल्याला खूष करायला भरतात. आपणच थांबवायला हवं.

माझा कॅनिस्टर मात्र भिजलेला नव्हता. त्याने तो काढून हातात तोलला, हलवून बघितला, पेट्रोल खळखळलं नाही. मग बॉनेट उघडून व्हॉल्व्हचा प्लग सोडवला, चावी ऑन केली आणि मीटर लावला. पुरवठ्याच्या पिनेवर ११.९ व्होल्ट. मी म्हटलं, मग वायर चांगली आहे. तो म्हणाला, “थांबा काकू, हे फसवतंय.” त्याने खिशातून इंडिकेटरचा पाच वॅटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी डकवलेल्या. एक टोक त्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब लागायला हवा होता. फक्त लालसर तार दिसली, आणि त्याने वायरचा जुडगा बोटाने हलवताच तीही विझली.

मी तिथे रस्त्यावर उभी राहून काही क्षण बोलू शकले नाही. हे मी एकतीस वर्षं शिकवलं होतं. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून तुटत आलेल्या वायरीतूनही तो पूर्ण विभवांतर (व्होल्टेज) दाखवतो. खरा भार जोडला, की सगळं विभवांतर त्या कमकुवत जागीच खर्ची पडतं. व्हॉल्व्ह अर्धा अँपिअर मागतो, तो पाच वॅटचा बल्बही जवळपास तेवढाच मागतो, म्हणून त्याने तोच खिशात ठेवलेला. फळ्यावर मी हे शंभरदा काढलं असेल. हा मुलगा आयटीआय अर्धवट सोडून आलेला आहे आणि त्याने ते मला हाताने दाखवलं.

त्याने जुडग्यावरची जाळीदार प्लास्टिकची नळी उकलली. आत व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वायरीचं वेष्टण बोटभर कुरतडलेलं होतं, तांब्याच्या दोन-तीनच तारा शिल्लक, त्याही हिरव्या पडलेल्या. उंदीर. आमच्या घरामागे सोयाबीनचं रान आहे, पावसाने बिळं भरली की ते उबेला इंजिनात शिरतात. गाडी खड्ड्यात आदळली की तारा सुटायच्या, थांबली की पुन्हा टेकायच्या. कोड पुसला की दिवा विझायचा, आणि तोच दोष सलग काही फेऱ्यांत पुन्हा दिसला की परत लागायचा. वर्कशॉपने दोनदा ‘दुरुस्त’ केलेली गाडी चार-पाच दिवस बरी का राहायची, त्याचं कारण हे एवढंच.

त्याने खराब तुकडा कापला, नवी वायर डाग देऊन जोडली, वर नळी तापवून आवळली, टेप गुंडाळली. पुन्हा बल्ब लावला, लख्ख पेटला. मग कोड पुसला, इंजिन गरम होऊ दिलं आणि माझं बोट व्हॉल्व्हवर ठेवायला लावलं. बोटाला बारीक टिकटिक लागत होती, नाडीसारखी. चार दिवसांत गाडीभोवतीचा वास गेला. त्याने मला एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे सांगते: असा बल्ब फक्त पुरवठ्याच्या पिनेलाच लावायचा, कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या पिनेला नाही, नाहीतर महागडा कॉम्प्युटर दुखावतो. आणि माझ्याकडून एक: वास येत असेल तर शोधायला काडी, मेणबत्ती, काही पेटवू नका.

संपादक महोदय, आपल्या पत्रामार्फत वर्कशॉपवाल्यांना माझी विनंती आहे. जॉब कार्डवर तुम्ही किलोमीटर लिहिता, ओरखडे लिहिता, टाकीत किती पेट्रोल आहे ते लिहिता. त्याच कागदावर कोड लिहा, आणि पार्ट बदलण्याआधी काय मोजलं ते लिहा. “रोध २४ ओहम, पुरवठा भाराखाली मिळत नाही” ही एक ओळ झाली असती. ती लिहायला बसला असता तर तुमच्या मेकॅनिकने ती मोजली असती, आणि व्हॉल्व्ह कपाटातून काढावाच लागला नसता. बदललेला पार्ट न मागता परत द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला घेतलेल्या सेवेची माहिती मिळण्याचा हक्क देतो. मी कोड मागितला तेव्हा मी उपकार मागत नव्हते. आणि तुमच्या मेकॅनिकांवर माझा राग नाही. त्या पोरांना दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या असतात की स्कॅनरचं वाचून पार्ट काढणं हीच त्यांना शिकवलेली पद्धत आहे. त्यांना एक बल्ब आणि वीस मिनिटं द्या.

परिवहन विभागालाही मी हेच लिहून कळवलं आहे. पीयूसीच्या वेळी बीएस-६ गाडीचा पिवळा दिवा जळतो आहे की नाही, एवढं तरी प्रमाणपत्रावर नोंदवा. चावी ऑन केल्यावर तो लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, हे बघायला यंत्रही लागत नाही. पुढे प्लगला यंत्र जोडून कोड वाचायची सोय झाली तर उत्तमच. मात्र त्याआधी वरची विनंती मान्य व्हायला हवी. नाहीतर दिवा विझवून देतो म्हणून कोड पुसणारे बाजारात बसतील आणि वाफ तशीच निसटत राहील.

जुना व्हॉल्व्ह मी फेकलेला नाही. त्याला दोरा बांधून चिठ्ठी लावली आहे: “२४ ओहम. चांगला.” आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तो दिवाळीनंतर देणार आहे, सोबत पाच वॅटचा बल्ब आणि कुरतडलेल्या वायरीचा तो तुकडाही. आईने परवापासून तुळशीपाशी पुन्हा दिवा लावायला सुरुवात केली.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका,
सातारा